चष्म्याच्या दुकानातला बर्फ

फोटोत खोटं असं काहीच नव्हतं. बर्फ खरा होता, पायांतल्या स्की खऱ्या होत्या, हातांतल्या काठ्या खऱ्या होत्या, आणि काळा चष्मा चढवून ऐटीत उभा असलेला तरुणही खराच होता. फक्त तो उभा होता ती जागा डोंगराच्या पायथ्याचा वाहनतळ होती, स्की प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या होत्या, आणि फोटो निघाल्यानिघाल्या त्या काढून त्याने सहकाऱ्याच्या गाडीत परत ठेवल्या होत्या. फोटोच्या उजव्या कडेला त्या गाडीचा आरसा आला होता. तेवढी कड त्याने घरी पाठवण्याआधी कापून टाकली. खोटं बोलणं आणि सगळं न सांगणं यांत फरक आहे, असं त्याचं मत होतं. त्या मताच्या बाजूने तो बराच वेळ बोलू शकला असता, पण कधी कोणी विचारलंच नाही.

घरी म्हणजे मामांकडे. वडील गेल्यावर मामांनीच त्याला आपल्या घरी आणलं, स्वतःच्या मुलीच्या बरोबरीने वाढवलं, आणि परदेशी जायची वेळ आली तेव्हा विमानतळावर त्याच्यापेक्षा जास्त वेळ मामाच रडले. मामांचं चष्म्याचं दुकान होतं. फोटो मिळाल्यावर त्यांनी तो मोठा करून घेतला आणि नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी टांगला. नवा चष्मा डोळ्यांवर चढवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी तक्त्यातली बारीक ओळ वाचायला लावत आणि मग फोटोकडे बोट दाखवत. "आता तिकडे बघा. काय दिसतं?" गिऱ्हाईक म्हणे, "डोंगर. बर्फ. कोणीतरी मुलगा." मग मामांचं ठरलेलं वाक्य येई: "आमचा भाचा. बर्फावर चालतो आणि बर्फावरच संशोधन करतो!"

यातला दुसरा भाग बरोबर होता. तो घर्षणाचा अभ्यास करत असे. विद्यापीठाच्या तळघरातल्या एका शीतखोलीत, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, बर्फाच्या चकतीवरून प्लास्टिकचा लहानसा तुकडा ओढायचा आणि त्याला किती जोर लागतो ते मोजायचं, हे त्याचं काम. बर्फ निसरडा का असतो, या प्रश्नाचं शाळेत शिकवलेलं उत्तर अपुरं आहे, हे तो कोणालाही पटवून देई. ज्यांना पटून घ्यायचं नसे त्यांनाही पटवून देई. म्हणून इथल्या मित्रमंडळींनी त्याला 'सर' हे नाव ठेवलं होतं. त्यात आदर किती आणि टवाळी किती, याचं मोजमाप त्याने केलं नव्हतं.

यंदा मामांची मुलगी त्याच विद्यापीठात आली. दगडांचा, डोंगरांचा अभ्यास करायला. लहानपणी सदानकदा काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून मामांनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, ते नाव अंगाला चिकटलं. मामींचा तिला इतक्या लांब पाठवायला विरोध होता. मामांनी त्यांना एकाच वाक्यात गप्प केलं: "तिथे दादा आहे." निरोप देताना त्यांनी फोनवर त्यालाही तेच बजावलं. "तू आहेस म्हणून पाठवतोय हो. नाहीतर माझा जीव झाला नसता."

आणि थंडी ऐन भरात असताना विद्यार्थी संघाने डोंगरावर स्कीची सहल काढली.

"मी नाव दिलंय," मुंगी म्हणाली. "मला शिकवशील ना, दादा?"

त्या वेळी 'मला येत नाही' एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. तीन साधे शब्द. पण त्यांच्या आड दुकानातला फोटो आला, आणि फोटोखाली उभे राहून बोट दाखवणारे मामा आले.

"बघू," तो म्हणाला. "तत्त्व एकदा समजलं की फारसं अवघड नसतं."

हेही त्याच्या मते खोटं नव्हतं.

*

बसमध्ये त्याने तत्त्व समजावून सांगितलं. दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरायला होतं, हा गैरसमज कसा आहे. बर्फाचा सर्वांत वरचा थर मुळातच कसा सैल असतो. घासण्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेचा वाटा काय. मागच्या बाकावरून पैलवानाने हात वर केला. पैलवान म्हणजे गटातला सर्वांत किडकिडीत मुलगा, तो आणि त्याची बायको दोघंही इथेच शिकत होते. तिला सगळे वहिनी म्हणत.

"सर, एक शंका."

"बोल."

"पडल्यावर उठायचं कसं, हे कितव्या धड्यात आहे?"

बस हसली. मुंगी मात्र मागे वळून म्हणाली, "हसा, हसा. वर गेल्यावर दादाच्याच मागे लागाल सगळे." आणि तिने फोनमधला तो फोटो काढून वहिनींना दाखवला. "हा बघा. बाबांनी दुकानात लावलाय."

"अगं बाई! सर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात," वहिनी म्हणाल्या.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बर्फाशिवाय काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

पायथ्याशी एका लांबलचक शेडमध्ये स्की भाड्याने मिळत. ओल्या मोज्यांचा वास, रबरी चटया, ओळीने मांडलेले जड बूट. लाकडी फळीपलीकडे उभा असलेला माणूस प्रत्येकाला वजन आणि उंची विचारी, बुटाचा तळवा बघी, आणि शेवटी एक प्रश्न विचारी: सराव किती? मग पेचकस घेऊन तो स्कीवरची पकड लावी. बूट स्कीला धरून ठेवणारी ही पकड म्हणजे आतून एक स्प्रिंग. माणूस पडला, पाय पिरगळू लागला, की ठरावीक जोराला ती सुटते आणि स्की पायापासून वेगळी होते. नवशिक्यासाठी ती सैल लावतात, कारण तो हळू जातो आणि सारखा पडतो. सरावलेला माणूस वेगाने जातो, त्याची स्की भलत्या क्षणी सुटू नये म्हणून ती घट्ट लावतात. हे सगळं त्याला ठाऊक होतं. बसमध्ये त्याने समजावूनही सांगितलं होतं.

नवशिक्यांना तिथे अंगात पिवळं जाकीट घालायला देत आणि प्रशिक्षकाच्या हवाली करत. दारातून तो वर्ग दिसत होता. पिवळ्या जाकिटांतली बहुतेक मंडळी त्याच्या कमरेएवढीही नव्हती. एक मूल बर्फात बसकण मारून भोकाड पसरत होतं आणि प्रशिक्षक त्याचं नाक पुसत होता.

पैलवानाने हसतहसत जाकीट अंगात चढवलं. त्याला ते बरोबर बसलं, याचीच लोकांना जास्त गंमत वाटली. "आम्ही बालवाडीत," त्याने जाहीर केलं. "सर, तुम्ही वरच्या वर्गात. वर्षअखेरीस भेटू."

रांग पुढे सरकली. त्याची पाळी आली.

"सराव किती?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"बऱ्यापैकी," तो म्हणाला.

"आणि या?"

मुंगी त्याच्या शेजारी बूट आवळत खाली वाकली होती. क्षणभर त्याला सुटकेची वाट दिसली: तिला पिवळं जाकीट द्यायचं, वर्गात पाठवायचं, आणि आपण एकट्याने कुठेतरी दूर जाऊन कोणाच्या नजरेस न पडता पडत राहायचं. पण मग तिने विचारलं असतं, की दादा, तू का नाही शिकवत? तिने तिथेच, वहिनींच्या देखत विचारलं असतं.

"तिलाही आहे," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले. माझ्याबरोबरच असते."

पलीकडच्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्या मागे रांग मोठी होती. त्याने पेचकस फिरवला.

*

पहिल्या उतारावर तो पडला. उतार कसला, अंगणाला असतो तेवढा ढाळ. तत्त्वाप्रमाणे दोन्ही स्की पुढून जवळ आणायच्या, मागून फाकवायच्या, म्हणजे घर्षण वाढतं आणि वेग कमी होतो. त्याने स्की जवळ आणल्या, त्या एकमेकींवर चढल्या, आणि तो असा आपटला की डोक्यावरची टोपी त्याच्या आधी खाली पोहोचली.

"बर्फ फार कडक आहे आज," उठताना तो म्हणाला.

मुंगीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिने वाकून त्याची काठी उचलली, तिच्यावरचा बर्फ झटकला आणि त्याच्या हातात दिली.

"चल," ती म्हणाली. "हळूहळू जाऊ."

गटातली सराव असलेली चार-पाच मुलं खुर्च्यांच्या लिफ्टने वरच्या उतारावर निघाली होती. "सर, येताय ना?" त्यांच्यातल्या एकाने हाक दिली. तो "हो, आलोच" म्हणाला. हा होकार त्याच्या तोंडून कसा गेला याचं शास्त्रीय स्पष्टीकरण त्याला पुढेही देता आलं नाही. मुंगी त्याच्याबरोबर खुर्चीत बसली. खाली पिवळी जाकिटं ठिपक्यांएवढी झाली.

वरून उतरताना तो पुढे होता, म्हणजे सूचना देत होता. "गुडघे वाकव. वजन पुढे. खाली बघू नकोस." ती मागून येत होती, वाटलं होतं त्यापेक्षा बरी येत होती. एका वळणावर उतार संपून सपाटी लागत होती, तिथे ती जवळजवळ थांबली. वेग असा उरलाच नव्हता. एक स्की मऊ बर्फात रुतली, दुसरी पुढे सरकत राहिली, आणि ती अगदी सावकाश, खुर्चीत बसायला जावं तशी, मागे कलली.

वर उभी असलेली मुलं हसली. तोही हसला. "पाय सरळ कर!" त्याने ओरडून सांगितलं.

रुतलेला पाय सरळ होत नव्हता. पाय एकीकडे आणि शरीर दुसरीकडे वळत होतं, आणि स्की पायाला धरून बसली होती. ती सुटायला हवी होती. तो बघत होता आणि वाट पाहत होता, की आता सुटेल. मग मुंगी ओरडली. तिचा असा आवाज त्याने लहानपणापासून कधी ऐकला नव्हता.

तो मागे वळून तिच्याजवळ पोहोचेपर्यंत वाटेत दोनदा पडला. त्याच्या आधी वरची मुलं पोहोचली होती.

तिला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. तो मागून, स्की खांद्यावर टाकून, चालत उतरला. स्कीची जोडी तिची होती. चालताचालता त्याने पकड किती घट्ट आहे ते सांगणारा तिच्यावरचा आकडा बघितला. बघायची गरज नव्हती.

*

डोंगराच्या पायथ्याशी लहानसा दवाखाना होता. डॉक्टरबाईंनी गुडघा इकडे-तिकडे हलवून पाहिला, एक्स-रे काढले, आणि आतलं लिगामेंट फाटलं असल्याचं सांगितलं. पट्टा, कुबड्या, विद्यापीठाच्या गावी परतल्यावर मोठ्या रुग्णालयात दाखवायचं, कदाचित शस्त्रक्रिया. मुंगीने विचारलं, "बर्फ वितळला की मला डोंगरांत जायचंय. नमुने गोळा करायचेत. जमेल?" डॉक्टरबाई म्हणाल्या की तो बेत पुढे ढकलावा. मग पट्टा बांधताबांधता त्यांनी सहज विचारलं, "स्की सुटली नाही का?"

"नाही," मुंगी म्हणाली.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरबाईंनीही पुढे विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीने तो दिवसभरातल्या अनेक गुडघ्यांपैकी एक होता.

बाहेर बाकावर बसून त्याने विचार केला. विचार करणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्याने नेटाने केलं. पकड सैल असती तर गुडघा वाचला असता, हे सिद्ध करता येत नाही. सावकाश मागे पडताना गुडघा दुखावतो तेव्हा नीट लावलेली पकडही पुष्कळदा सुटत नाही. याबद्दल त्याने वाचलं होतं, आणि ते खरं होतं. शिवाय उदाहरण एकच. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याने स्वतः नापास केलं असतं. पिवळ्या जाकिटातल्या माणसालाही अपघात होतो. पुरावा अपुरा आहे. निष्कर्ष काढता येत नाही.

युक्तिवादात चूक नव्हती. तो पुन्हा पहिल्यापासून तपासत गेला तरी सापडली नाही. आणि तरीही, प्रत्येक वेळी शेवटाला आला की त्याला फळीपलीकडचा पेचकस दिसे. पिवळ्या जाकिटातला माणूस त्या वळणावर नसता. त्याला लिफ्टमध्ये कोणी बसूच दिलं नसतं. एवढं सिद्ध करायला दुसऱ्या उदाहरणाची गरज नव्हती.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी सगळे तिच्याभोवती जमले. तिने सर्वांत आधी काय केलं, तर माफी मागितली.

"सॉरी हं. माझ्यामुळे सगळ्यांचा विचका झाला."

"वेडी की काय!" वहिनी म्हणाल्या. "पण सर, तुम्ही तरी तिला एकदम वर कशाला नेलंत हो? आमच्याबरोबर बालवाडीत ठेवायचं की."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तोंड उघडून त्याने ऐकलं, की आपण बोलतो आहोत: "तसं नसतं, वहिनी. ही दुखापत वेगाची नाही. अगदी सपाटीवरही होते. अशा पडण्यात पकड सुटेलच याची खात्री नसते." बोलणं माहितीपूर्ण होतं. पैलवान पहिल्यांदाच काही विनोद न करता खाली बघत राहिला.

आणि मग, मुंगीने पाठवलेला निरोप वाचून, मामांचा फोन आला.

मुंगीने फोन उशीला टेकवून ठेवला. पडद्यावर मामा, त्यांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या मामी. मामींच्या डोळ्यांना आधीच धारा लागल्या होत्या. मुंगीने त्यांना हसवायचा प्रयत्न केला. कुबड्या उचलून दाखवल्या, "आता चार पायांची मुंगी" म्हणाली. मामा हसले नाहीत.

"दादा कुठे होता?"

तो पडद्याच्या चौकटीबाहेर उभा होता. त्याला दिसत होतं, पण तो त्यांना दिसत नव्हता.

"दादा नकोच म्हणत होता, बाबा," मुंगी म्हणाली. "मीच हट्ट केला. वर जाऊ, वर जाऊ म्हणून मागे लागले. त्याने किती वेळा सांगितलं, तयारी नाही तुझी. मीच ऐकलं नाही."

ती हे इतक्या सहज बोलली की क्षणभर त्यालाही ते खरं वाटलं. त्या क्षणी पुढे होऊन बोलायचं होतं. पाय उचलायचा आणि चौकटीत यायचं. अंतर हातभर असेल. तो जिथे होता तिथेच राहिला.

"त्याला दे," मामा म्हणाले.

मग तो चौकटीत आला.

"बाळा," मामा म्हणाले, "तू होतास म्हणून निभावलं रे. नाहीतर परक्या मुलखात पोरीचं काय झालं असतं." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण आता मी ठरवलंय. तू नको म्हणताना ही ऐकत नाही, तर हिला तिथे कशाच्या जिवावर ठेवू? आज गुडघा, उद्या आणखी काही. इकडे आणतो, ऑपरेशन इथेच करू, पुढच्या शिक्षणाचं मग बघता येईल. तुझं काय मत? तू म्हणशील तसं. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"बाबा, असं काय करता!" मुंगी म्हणाली.

"तुला विचारलेलं नाही. बोल रे."

"मी... विचार करून सांगतो," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी परतताना वहिनींनी बसमधला पुढचा बाक मुंगीसाठी मोकळा करून घेतला, म्हणजे पाय लांब करता येईल. तो तिच्या शेजारी, पलीकडच्या कडेला बसला. मागे मुलं झोपली होती. बस घाट उतरली.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या माणसाने सराव विचारला, तेव्हा मी..."

"दोन हिवाळे," मुंगी म्हणाली. "माझ्याबरोबरच असते."

तो वळून तिच्याकडे बघायला लागला.

"मी वाकले होते, बहिरी झाले नव्हते. भाषा मलाही येते, दादा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुला वरच्या उतारावर जायचं असेल. मी पिवळ्या जाकिटात गेले असते तर तू माझ्यापायी दिवसभर खाली अडकला असतास. एवढा येणारा माणूस." ती काचेतून बाहेर बघत बोलत होती. "म्हटलं, सांभाळून घेऊ. तू आहेसच बरोबर."

"आणि मी पडलो तेव्हा?"

"तेव्हा कळलं."

"मग परत का नाही फिरलीस? म्हणायचं होतंस, मला नाही जमत, मी खाली थांबते."

"मी थांबले असते तर तू एकटा वर गेला असतास. त्या मुलांनी हाक मारली ना, तेव्हा तुझा चेहरा बघितलास का तू? दहावीत तुझे मार्क कमी आले होते आणि बाबा सगळ्यांना पेढे वाटत सुटले होते, तेव्हा झाला होता तसा."

आपण तिला सांभाळतो आहोत, या समजुतीवर तो हे सगळे महिने जगत होता. आणि ती, आता दुखावलेल्या पायानेही, न बोलता, त्याला सांभाळत होती. मान वर करावी असं त्याला वाटेना. गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे तो बघत राहिला. हात धड होते, गुडघेही धड होते, आणि त्यांचीच त्याला लाज वाटली.

"काल फोनवर तरी खोटं बोलायला नको होतंस," तो अखेर म्हणाला.

"वा रे वा. तू मोठा सत्यवादी!" ती हसली, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळली. "हे बघ, बाबांना मी समजावते. दोन दिवस तणतण करतील, मग येतील वळणावर. तू मध्ये पडू नकोस."

"आणि नाही आले तर?"

तिने कलंडलेली कुबडी सरळ केली.

"नाही आले तर तू परत जाशील. मी इथे राहीन. आणि दुकानात माझा फोटो."

"दादा, नको ना," ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "बाबांनी सगळ्या गावाला दाखवलाय तो. त्यांना काय वाटेल?"

हाच प्रश्न गेली दोन वर्षं तोही स्वतःला विचारत होता. तिच्या तोंडून ऐकताना त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या प्रश्नात मामांची काळजी फार थोडी होती.

*

बस थांबली तेव्हा तिकडे मामांचं दुकान उघडायची वेळ झाली होती. पैलवानाने मुंगीला पाठीवर घेऊन जिने चढवले, "बघा, नाव उगाच नाही पडलं" असं म्हणत, धापा टाकत. खोलीत ती पलंगावर टेकली, पाय उशीवर ठेवला. त्याने तिच्यासमोरच मामांना फोन लावला. तिने डोळे मोठे करून मान हलवली: नको. त्याने फोन पलंगावर तिच्याशेजारी अशा बेताने उभा केला की दोघंही चौकटीत येतील.

मामांनी फोन दुकानातल्या आरशाला टेकवून ठेवला. पलीकडे काउंटर दिसत होतं, चष्म्यांच्या फ्रेमा, अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्या शेजारी तो. काळा चष्मा, दोन काठ्या, पाठीमागे डोंगर.

"बोल. काय ठरवलंस? तिकिटाचं बघू ना?"

"मामा, तो फोटो वाहनतळावर काढलेला आहे."

"कुठला फोटो?"

"तुमच्या मागचा. स्की माझ्या नव्हत्या. मला येत नाही स्की. तेव्हाही येत नव्हती, कालही येत नव्हती." शब्द कोरडे येत होते, प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखे, दुसऱ्या कुठल्या आवाजात ते आले असते असं त्याला वाटत नव्हतं. "मुंगीने हट्ट केला नाही. मीच तिला वर नेलं. सामान देणाऱ्या माणसाला मीच सांगितलं, की तिला सराव आहे. त्याने त्याप्रमाणे तिची स्की घट्ट लावली. ती पडली तेव्हा सुटली नाही."

मामा वळले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि फोटोकडे बघितलं. रोज गिऱ्हाइकांना दाखवत होते, पण बहुधा इतका वेळ त्यांनी तो स्वतः कधी पाहिला नसावा.

"सैल असती तर लागलंच नसतं असं सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला स्वतःची किळस आली. "ते सोडा. ते राहू दे."

मामा परत वळले. ते रागावले असते, ओरडले असते, तर सोपं गेलं असतं. त्यांनी अगदी साधेपणाने, नीट न कळलेली गोष्ट समजून घ्यावी तसं विचारलं:

"मग तिला शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही."

मामांनी काउंटरवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"फोन तिच्याकडे कर," मामा म्हणाले.

फोन तिच्याकडेच होता. तोच बाजूला सरकला, चौकटीच्या बाहेर.

"खरं आहे हे?"

"हो, बाबा."

"मग काल असं का बोललीस?"

मुंगीने नखाने पट्ट्याची कड खरवडली. "दादा आहे ना तो."

मामांनी मोठा श्वास सोडला. "पाय वर ठेवून बस. मोठ्या डॉक्टरला विचार, ऑपरेशन तिथे चांगलं का इथे. तुझ्या त्या दगडांचंही विचार. यायचं की राहायचं, ते तू ठरव. तुझी तू. आईला मी सांगतो." ते थांबले. पुढे आणखी कोणाबद्दल काही येईल, म्हणून तो भिंतीला टेकून उभा होता. काही आलं नाही.

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. "आलो," म्हणत मामा उठले. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. पडद्यावर रिकामं काउंटर उरलं, तक्ता आणि फोटो. मुंगीने फोन बंद करायला हात पुढे केला. त्याने तिचा हात धरला.

फ्रेम उघडझाप झाल्याची टिकटिक ऐकू आली. नवा चष्मा कोणीतरी नाकावर बसवत होतं. तक्त्यातली अक्षरं वाचली गेली, मोठी, मग लहान, मग सर्वांत बारीक ओळ, अडखळत. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आनंदलेला आवाज आला.

"अहो, तो बर्फातला मुलगासुद्धा लख्ख दिसायला लागला की! तुमचा भाचा ना?"

"हो," मामा म्हणाले. "भाचा आहे."

तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. मामांनी चष्म्याची डबी काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ते गिऱ्हाइकाला काच कशाने पुसावी हे समजावून सांगू लागले.